शाळेतल्या डिजिटल साहित्यावरचा खर्च: कोकणातल्या शाळांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या शाळा व्यवस्थापन समित्या, मुख्याध्यापक, पालक आणि मुंबईतली ग्रामविकास मंडळे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. रकमा अंदाजे आहेत. खरेदीच्या वेळी ताजी दरपत्रके मागवावीत.

१. एवढा खर्च करून मुलांना खरंच जास्त येतं का?

नुसते यंत्र आणून काही सुधारत नाही. 'ओईसीडी' या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेने २०१५ मध्ये अनेक देशांतले शालेय संगणक आणि 'पिसा' या १५ वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेचे गुण ताडून पाहिले. ज्या देशांनी संगणकांवर भरपूर पैसा ओतला, त्यांच्या वाचनात, गणितात किंवा विज्ञानात डोळ्यांत भरेल अशी वाढ दिसली नाही. पेरू देशाने तर ८ लाखांहून अधिक लॅपटॉप मुलांना वाटले. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांची तुलना झाली, तेव्हा लॅपटॉप मिळालेली आणि न मिळालेली मुले भाषेत आणि गणितात सारखीच निघाली.

आपल्या देशातले अनुभव मात्र जास्त शिकवणारे आहेत. बडोद्याच्या महापालिका शाळांत चौथीची मुले आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ सोडवत होती. त्यांचे गणित स्पष्टपणे सुधारले. दिल्लीत शाळा सुटल्यावर चालणाऱ्या केंद्रांवर मुलांना आधी चाचणी देऊन ज्याच्या त्याच्या पातळीचे काम संगणकावर दिले आणि जोडीला तेवढाच वेळ छोट्या गटात शिक्षकाने शिकवले. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत चांगली वाढ दिसली (हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला). याउलट गुजरातमधल्या एका प्रयोगात शिक्षकाच्या तासाच्या जागी संगणक ठेवला, तेव्हा मुलांचे शिकणे घटले. तोच संगणक शाळेनंतर जादा सराव म्हणून दिला, तेव्हा कच्च्या मुलांना विशेष फायदा झाला.

म्हणजे तीन गोष्टी जुळल्या तर पैसा वसूल होतो: मूल स्वतः काहीतरी करते, काम त्याच्या पातळीचे असते आणि शिक्षकाचा वेळ कमी न होता त्यात भर पडते. पुढच्या बहुतेक उत्तरांचा आधार हाच आहे.

२. आमच्या शाळेला नक्की काय हवं, हे कसं ठरवायचं?

दुकानात जाण्याआधी पाठ्यपुस्तके घेऊन बसा. प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गाचे असे दहा पाठ लिहावेत, जे फळा-खडूने नीट उमगत नाहीत आणि हलत्या चित्राने, आवाजाने किंवा मोठ्या नकाशाने उमगतील. हृदयातून रक्त कसे फिरते, ग्रहण कसे लागते, अपूर्णांकांचे तुकडे कसे जुळतात, इंग्रजी शब्दांचे उच्चार, हिमालयातली हिमनदी. ही यादीच खरेदीचा पाया. यादीत पाचच पाठ आले तर शेजारच्या शाळेसोबत एक प्रोजेक्टर वाटून घेणे शहाणपणाचे. भरती-ओहोटी किंवा खाजण यादीत असेल तर ते खोडा. किनाऱ्यावरच्या मुलांना ते पुळणीवर आणि खाडीकाठी नेऊनच शिकवायचे.

आधीच्या गरजा भागल्या आहेत का, हेही पाहा. दुसरी-तिसरीतल्या मुलांना ओळ वाचता येत नसेल, वर्गात गोष्टींची पुस्तके नसतील, शिक्षकाचे पद रिक्त असेल, तर दीड लाखाचे टच पॅनेल (बोटाने चालवायचा मोठा पडदा) आणणे चूक आहे. त्यातल्या दहा-पंधरा हजारांत छोट्या शाळेचे चांगले वाचनालय उभे राहते आणि ते पहिल्या दिवसापासून उपयोगी पडते.

३. साधा टीव्ही, प्रोजेक्टर की टच पॅनेल?

पहिला निकष शेवटच्या बाकावरच्या मुलाचा. मजकूर वाचता यायचा असेल तर शेवटचे मूल पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब नको. ४३ इंची टीव्हीच्या पडद्याची उंची सुमारे ५३ सेंमी, म्हणजे ३.२ मीटरपर्यंतच वाचता येईल. ५५ इंचीला ४.१ मीटर, ६५ इंचीला ४.९ मीटर, ७५ इंचीला ५.६ मीटर. वर्ग सहा मीटर लांब आणि टीव्ही ४३ इंची असेल, तर मागची मुले फक्त रंग पाहतात. पट १२-१५ असेल तर मुलांना सतरंजीवर पुढे बसवून ५५ इंची टीव्ही पुरतो.

प्रोजेक्टर स्वस्तात मोठे चित्र देतो, पण कोकणात त्याचे दोन शत्रू आहेत. एक उजेड: खिडक्या लावल्या की उकाडा, उघडल्या की चित्र फिके. प्रकाश ३,००० ल्यूमेनपेक्षा (ल्यूमेन म्हणजे प्रकाशाचे माप) कमी असेल तर घेऊच नये. दुसरी बुरशी: पावसाळ्यात बंद राहिलेल्या प्रोजेक्टरच्या भिंगावर आतून जाळे धरते आणि ते साफ करणारा माणूस तालुक्याला सहज मिळत नाही. शिवाय दिव्याचे आयुष्य साधारण ३,००० ते ५,००० तास आणि नवा दिवा महाग.

टच पॅनेलचा फायदा खरा आहे, पण तो मुले फळ्यापाशी येऊन स्वतः काही ओढतात, जुळवतात, सोडवतात तेव्हाच. नुसते व्हिडिओ दाखवायचे असतील तर टीव्हीच्या दुप्पट-तिप्पट पैसे कशाला? ज्या शाळेत शिक्षक स्वतः कृती तयार करतात तिथे पॅनेल घ्या. बाकीच्यांनी ५५ इंची टीव्ही घेऊन उरलेले पैसे वीज, अर्थिंग आणि पुस्तकांवर लावावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. पॅनेल घेतलेच तर त्यात अँड्रॉइडची कोणती आवृत्ती आहे आणि किती वर्षे अपडेट मिळेल, हे लेखी घ्या. जुन्या आवृत्तीवर पुढे ॲप चालेनासे होतात आणि चांगला पडदा केवळ त्यामुळे पडून राहतो.

४. वस्तूची किंमत सोडून आणखी किती खर्च धरावा?

पाच वर्षांचा हिशेब एकदम मांडा. समजा टीव्ही ५०,०००, फिटिंग, वायरिंग आणि अर्थिंग ८,०००, बॅटरीसह इन्व्हर्टर २२,०००. एकूण ८०,०००, म्हणजे वर्षाला १६,०००. त्यात दुरुस्ती, पेनड्राइव्ह, केबल, वीजबिलाचा वाटा आणि पुढच्या बॅटरीसाठी बाजूला काढायचे पैसे धरून ६,००० मिळवा. वर्षाला २२,००० रुपये.

आता वापर. रोज एक तास, २०० दिवस, तर ताशी ११० रुपये पडले. आठवड्यातून वीसच मिनिटे लावला तर वर्षात जेमतेम १३ तास होतात आणि तोच तास सुमारे १,६५० रुपयांना पडतो. यंत्र तेच, पैसा तोच. खर्च योग्य झाला की नाही, हे खरेदीच्या दिवशी ठरत नाही, वेळापत्रकात ठरते.

वीज जळण्याची भीती मात्र विनाकारण आहे. १०० वॅटचा टीव्ही २०० तास चालला तर २० युनिट होतात. बिल फुगते ते स्थिर आकाराने आणि थकबाकीने. बिलावरची वर्गवारी सार्वजनिक सेवेची आहे ना, चुकून व्यापारी तर नाही ना, हे एकदा महावितरणच्या उपविभागात तपासून घ्या.

५. पैसे कुठून उभे करता येतात?

समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेचे संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते. ३० पर्यंत पट असेल तर निकषानुसार वर्षाला १०,००० रुपये, आणि त्यातला दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी. खडू, रंग, नळदुरुस्तीतच ते संपते, त्यावर टीव्हीची आशा ठेवू नका. ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेल्या) निधीतून शाळेचे काम होऊ शकते, पण ते गावाच्या विकास आराखड्यात आधी यावे लागते, म्हणून ग्रामसभेत विषय वेळेवर मांडा. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी आणि चाकरमान्यांची मंडळे हे कोकणातले मोठे आधार. लोकांकडून आलेली प्रत्येक वस्तू शैक्षणिक उठावात (लोकसहभागाच्या नोंदीत) नोंदवा, जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढवा आणि समितीच्या इतिवृत्तात दात्याच्या अटींसह लिहा. ही नोंद नसेल तर पुढे काय अडते, ते प्रश्न १५ मध्ये आहे.

६. आमच्याकडे टीव्ही दर दोन वर्षांनी जळतो. कंपनी बदलावी का?

कंपनी बदलून उपयोग नाही. दोष बहुधा अर्थिंगचा किंवा व्होल्टेजचा असतो.

सड्यावरच्या (कातळी पठारावरच्या) शाळांत वरून दोन फुटांवर कातळ लागतो. जांभा कोरडा झाला की विजेला जमिनीत जायला वाट देत नाही. अनेक ठिकाणी अर्थिंगची वायर जमिनीपर्यंत जातच नाही, भिंतीमागे नुसती लोंबकळते. तपासणी सोपी आहे: वायरमनला सांगून मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब बघा. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक, पाचच्या वर गेला तर शंका घ्या. अर्थ टेस्टरवर रोध ५ ओहमच्या आत यायला हवा.

सड्यावर तो एका खड्ड्यात येत नाही. कातळाला फट किंवा मातीचा भराव आहे अशी जागा, विहिरीकडचा उतार किंवा हातपाय धुण्याच्या मोरीच्या पाण्याची बाजू शोधा. तीन मीटरचे दोन किंवा तीन रॉड, एकमेकांपासून किमान तीन मीटर अंतरावर, एकत्र जोडा. समुद्राजवळ गॅल्व्हनाइज्ड पाइप गंजून जातो, त्यात मीठ-कोळसा भरला तर आणखी लवकर. तांब्याचा मुलामा असलेला रॉड आणि बेंटोनाइटचे (ओल धरून ठेवणाऱ्या मातीचे) मिश्रण महाग पडते, पण टिकते. मार्च ते मेमध्ये आठवड्याला दोन बादल्या पाणी खड्ड्यात ओता. नेमक्या याच दिवसांत माती सर्वांत कोरडी असते आणि वळवाच्या विजा सुरू होतात.

दुसरे कारण न्यूट्रल तुटणे. वाऱ्यात फांदी तारेवर पडली की कधी न्यूट्रल आधी तुटते आणि घरगुती सॉकेटमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब येतो. यासाठी मेन बोर्डात जास्त-कमी व्होल्टेजला आपोआप तोडणारे उपकरण बसवा. वीज परत आल्यावर दोन-तीन मिनिटे थांबून जोडणारे घ्या. सर्ज प्रोटेक्टर (दाबाचा अचानक आलेला झटका अडवणारे उपकरण) वेगळा हवा आणि तो अर्थिंग चांगले असेल तरच काम करतो. तरीही गडगडाट सुरू झाला की प्लग काढा, सोबत डिशची, केबलची आणि इंटरनेटची वायरही. नुसते बटण बंद करून वीज अडत नाही.

७. इन्व्हर्टर किती मोठा घ्यावा?

टीव्ही १००, दोन पंखे १५०, दोन एलईडी ट्यूब ४०. एकूण २९० वॅट. १५० एएचची एक ट्युब्युलर बॅटरी एवढा भार साधारण तीन तास ओढते, सकाळच्या सत्राला पुरेसे. ६५ इंची पॅनेल असेल तर त्याचेच २०० वॅट धरा, वेळ तेवढा कमी होतो. दर दोन महिन्यांनी बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर बघायचे काम एका व्यक्तीच्या नावावर लिहून ठेवा. विहिरीचे पाणी कधीही घालू नका. चार-पाच वर्षांनी बॅटरी बदलावीच लागते आणि तेव्हा पैसे नाहीत म्हणून संपूर्ण संच पडून राहतो, म्हणून प्रश्न ४ मधली तरतूद सोडू नका.

८. खारी हवा, पाऊस, ओल. साहित्य टिकवायचं कसं?

यावर सर्वाधिक पत्रे येतात आणि ते रास्तच आहे. पुण्या-नाशिकच्या सूचना इथे चालत नाहीत.

जागा आधी ठरवा. पश्चिमेच्या आणि नैऋत्येच्या भिंतीला पावसाची झड बसते, तिच्यावर आतून ओल येते. टीव्ही दोन वर्गांच्या मधल्या भिंतीवर किंवा पूर्वेला लावा. भिंत चिऱ्याची असेल तर प्लास्टिकच्या गिट्ट्यांवर विसंबू नका, जांभा भुसभुशीत असतो आणि ६५ इंची पॅनेल ४० किलोच्या आसपास भरते. आरपार बोल्ट आणि मागे लोखंडी पट्टी, किंवा जमिनीवर उभी राहणारी लोखंडी फ्रेम. कौलारू छप्पर असेल तर नेमके त्या जागेवर कौल फुटलेले नाही ना, हे पावसाआधी वर चढून पाहायला लावा.

पावसाळ्यात साहित्य रोज अर्धा तास तरी चालू ठेवा. आतल्या उबेने ओल निघून जाते. जे रोज वापरतात त्यांचे संच टिकतात आणि जपून कपाटात ठेवणाऱ्यांचे बिघडतात. प्लास्टिकची पिशवी घट्ट गुंडाळू नका, आत बाष्प कोंडते. सुती कापडाचे आच्छादन घाला. रिमोट, पेनड्राइव्ह, केबल मात्र हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. एचडीएमआय आणि यूएसबीच्या तोंडांवर हिरवट थर आला की 'सिग्नल नाही' असे येते आणि लोक पडदा गेला समजतात. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून पिन चार-पाच वेळा आत-बाहेर करा, बऱ्याचदा तेवढ्याने भागते.

टच पॅनेल आपोआप कुठेही 'दाबले' जात असेल तर आधी चौकट पाहा. बहुतेक पॅनेलच्या चौकटीत न दिसणारे किरण असतात. पावसाळी किडे, खडूची धूळ किंवा कोळ्याचे जाळे आडवे आले की पॅनेलला ते बोट वाटते. कोरड्या मऊ फडक्याने चौकटीची आतली कड पुसा. सॉकेटमध्ये पाली आणि मुंग्या जातात, म्हणून न वापरलेली भोके झाकणाने बंद ठेवा. उंदरांसाठी वायर पाइपातून न्या.

मे महिन्याच्या आणि गणपतीच्या सुटीआधी प्लग, डिश-केबल काढा, रिमोटमधले सेल बाहेर काढा (गळून रिमोट खातात), टॅब निम्म्या चार्जवर बंद करा. जूनच्या मध्यावर शाळा उघडते तोवर पाऊस लागलेला असतो. तेव्हा लगेच बटण दाबू नका. खिडक्या उघडून पंखा तासभर लावा, मग संच सुरू करा. तारीख-वेळ चुकलेली असेल तर आधी ती नीट करा. तारीख चुकीची असली की संकेतस्थळे आणि 'दीक्षा' हे सरकारी शिक्षण ॲप उघडत नाहीत आणि दोष उगाच रेंजवर जातो.

९. पत्र्यावर पाऊस वाजला की काही ऐकूच येत नाही. उपाय?

टीव्हीचे आतले स्पीकर या आवाजापुढे टिकत नाहीत. ४० वॅटच्या आसपासचा बाहेरचा स्पीकर मुलांच्या मध्यावर ठेवा. जुलै-ऑगस्टसाठी आवाजावर अवलंबून नसलेले पाठ निवडा: नकाशा, आकृती, भूमितीची कृती, पडद्यावर मोठ्या अक्षरांत गोष्ट. उच्चारांचे आणि कवितांचे पाठ दिवाळीनंतर.

१०. वाडीत रेंजच नाही. मग या सगळ्याचा काय उपयोग?

शाळेला रोज इंटरनेट लागत नाही. महिन्याला एकदा केंद्रशाळेत किंवा बाजारपेठेत साहित्य उतरवून घ्या आणि पेनड्राइव्हवर आणा. बालभारतीची पुस्तके पीडीएफमध्ये मोफत मिळतात, पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमागचे साहित्य 'दीक्षा' ॲपमध्ये उतरवता येते, 'स्टोरीविव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत, विज्ञानाच्या प्रयोगांसाठी 'फेट'ची मराठी सिम्युलेशन्स उतरवून इंटरनेटशिवाय चालतात. मोठ्या शाळेत एका छोट्या संगणकावर 'कोलिब्री' ही इंटरनेटशिवाय चालणारी शिक्षणप्रणाली टाकली तर शाळेतल्या शाळेत वाय-फायवर सगळे टॅब तिला जोडतात, बाहेरचे जाळे लागत नाही.

अडते ते फायलींवर. टीव्ही पेनड्राइव्ह ओळखत नसेल तर तो एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा; त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, म्हणून व्हिडिओ छोटे ठेवा. चित्र दिसते पण आवाज नाही, किंवा उलट, असे झाले तर फाइल एमपी४, एच.२६४ मध्ये बदलून घ्या. फोल्डर इयत्ता, विषय, पाठ या क्रमाने लावा. पन्नास फायली एकत्र टाकलेल्या पेनड्राइव्हमध्ये शिक्षक तासाची पाच मिनिटे शोधण्यात घालवतो आणि पुढच्या वेळी टीव्ही लावतच नाही.

११. दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता. टीव्हीला तिसरा शिक्षक मानलं तर?

मोह समजतो. आंतरजिल्हा बदल्यांनंतर पदे रिकामी राहतात तेव्हा तो आणखी वाढतो. पण प्रश्न १ मधला गुजरातचा अनुभव इथेच लागू होतो: शिक्षकाची जागा पडद्याने घेतली की मुले मागे पडतात. पद भरण्याची मागणी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी चालू ठेवा. टीव्ही आहे म्हणून ती सैल होऊ देऊ नका.

बहुवर्गात पडद्याचा चांगला वापर असा होतो. शिक्षक पहिली-दुसरीसोबत वाचन घेत असताना तिसरी-चौथीला आठ-दहा मिनिटांची चित्रफीत द्या, पण ती सुरू करण्याआधी फळ्यावर तीन प्रश्न लिहा. ती संपली की पंधरा मिनिटे वहीत उत्तरे आणि जोडीत तपासणी. मग गट बदलतात आणि शिक्षक त्या वह्या पाहतो. तासभर चालणारी चित्रफीत कोणत्याही गटाला देऊ नये. दहा मिनिटांनंतर लहान मुले पडदा बघत असतात, पाठ नाही.

१२. प्रशिक्षण झालं, तरी शिक्षक वापरत नाहीत. का?

बहुतेक प्रशिक्षणांत बटणे शिकवतात, पाठ नाही. एकदा दिवसभर ऐकलेले महिन्याभरात विसरते. शिक्षकांना दोष देण्याआधी पाहा: तयारीला वेळ आहे का, ऑनलाइन माहिती भरण्यातच तो जातो का, बिघाड झाला तर आपल्यावर येईल ही भीती आहे का? शेवटचे कारण फार मोठे आहे. वापरात झालेल्या बिघाडाची जबाबदारी शिक्षकावर टाकली जाणार नाही, असा ठराव समितीने करावा. आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत दर महिन्याला एका शिक्षकाने पडद्यासह एक खरा पाठ वीस मिनिटे घेऊन दाखवावा. एका वर्षात सगळ्या केंद्राकडे नऊ-दहा पाठ जमतात.

१३. वापर होतो की नाही, हे पालकांनी कसं तपासायचं?

शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीत ७५ टक्के पालक असतात. तपासणे हा तुमचा हक्क आहे. टीव्हीशेजारी एक वही लटकवा: तारीख, इयत्ता, पाठ, मिनिटे, मुलांनी काय केले, बिघाड. 'मुलांनी काय केले' हा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तिथे सतत 'व्हिडिओ पाहिला' असेल तर तेच चर्चेला घ्या. दर मासिक सभेत वहीचे पान वाचा.

शिकण्याचे मोजमाप वेगळे. जून, ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत प्रत्येक मुलाला दुसरीच्या पातळीचा एकच परिच्छेद वाचायला आणि हातच्याची दोन वजाबाकीची उदाहरणे सोडवायला द्या. नावापुढे फक्त येते किंवा येत नाही एवढेच लिहा. वाढ दिसली तर ती टीव्हीमुळेच, असे लगेच म्हणू नका, शिक्षकाची मेहनत त्यात असते. पण वर्षभर टीव्ही चालूनही ती यादी हलली नाही, तर वापराची पद्धत बदलायची वेळ आली आहे.

१४. मुंबईचं मंडळ प्रत्येक मुलाला टॅब देणार म्हणतंय. आणि एका खासगी शाळेने 'डिजिटल फी' लावली आहे. काय करावं?

दोन्हींत उत्तराची दिशा एकच: नेमके काय मिळणार ते लेखी मागा.

मंडळाला नकार देऊ नका, यादी बदलून द्या. १५ पटाच्या शाळेला पाच टॅब पुरतात. तिघांनी मिळून एक प्रश्न सोडवला तर बोलणेही होते. सोबत चार्जिंगचा बोर्ड, कुलूपबंद पण हवेशीर कपाट, मजबूत कव्हर आणि तीन वर्षांनंतरच्या बॅटरीचे पैसे मागा. घरी न्यायचे टॅब दोन महिन्यांत खेळण्यासाठीच उरतात, म्हणून ते शाळेतच ठेवा. ॲप मुलांची नावे, फोटो, आवाज घेत असेल तर थांबा: २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची तरतूद आहे. 'एआय शिक्षक' म्हणून विकल्या जाणाऱ्या ॲपलाही हेच लागू, आणि त्याला मराठी नीट येते का, हे विक्रेत्यासमोर तुमच्या पाठातले दहा प्रश्न विचारून पाहा.

खासगी शाळेत महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार शुल्काला पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता लागते. त्या समितीचे इतिवृत्त मागा. वर्गनिहाय वेळापत्रकात डिजिटल तास किती, हे विचारा आणि प्रश्न ४ चा भागाकार तिथेही करा.

१५. साहित्य बंद पडलंय, किंवा पट घटल्यामुळे शाळाच दुसरीत मिसळणार आहे. वस्तूंचं काय?

आधी दुरुस्तीचे दरपत्रक घ्या. नव्याच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत असेल तर दुरुस्त करा. पॅनेलची काच फुटली असेल तर बहुधा परवडत नाही. वॉरंटीत असेल तर नेण्या-आणण्याचा खर्च कोणाचा, हे पाहा. गुहागर किंवा देवगडहून मुंबईला पॅनेल पाठवणे दुरुस्तीइतकेच महाग पडू शकते, म्हणून खरेदी आदेशातच 'शाळेत येऊन सेवा, सात कामकाजाच्या दिवसांत' असे लिहून घ्यावे आणि शेवटची दहा टक्के रक्कम महिनाभराच्या वापरानंतर द्यावी.

दुरुस्त होत नसेल तर ते भंगारवाल्याला परस्पर देता येत नाही. जडवस्तू नोंदवहीतून निर्लेखनाचा (वस्तू कमी करण्याचा) प्रस्ताव केंद्रप्रमुखांमार्फत पंचायत समितीकडे जातो. मंजुरीनंतर ई-कचरा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच द्यावा. तोवर बॅटरी वर्गाबाहेर ठेवा, तिच्यात आम्ल असते.

समायोजनाच्या, म्हणजे शाळा दुसरीत मिसळण्याच्या, वेळी सरकारी अनुदानातले साहित्य मुलांसोबत नव्या शाळेच्या नोंदवहीत जाते. लोकसहभागातून आलेल्या वस्तूंवर वाद होतात. 'ही वस्तू या वाडीतल्या मुलांसाठी' अशी अट इतिवृत्तात असेल तर दात्याला लेखी विचारून ती मुले जिथे जातील त्या शाळेत द्यावी. अट नसेल तर जुन्या-नव्या दोन्ही समित्यांच्या सह्यांचा ठराव करून हस्तांतर करावे, त्यात अनुक्रमांक, रिमोट, केबल, पेनड्राइव्ह, वॉरंटी कार्ड यांचा स्वतंत्र उल्लेख असावा. इन्व्हर्टर आणि अर्थिंगचा रॉड भिंतीचा भाग समजून मागे राहतात, ते हटकून यादीत घाला.